हायब्रिड टी गुलाब: पाच फुटी काड्या, फूल एकही नाही. काय चुकतंय?

वेंधळी | १० ऑक्टोबर, रात्री ९:४०

मंडळी, थेट मुद्द्यावर येते. कोथरूडला चौथ्या मजल्यावर गच्ची आहे, ऊन भरपूर. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून हायब्रिड टी गुलाबाची नऊ रोपं आणली. तो हिवाळा काय सांगू! सकाळी चहाचा कप घेऊन वर गेलं की खाली यावंसं वाटायचं नाही. गेल्या हिवाळ्यात नऊ झाडांची मिळून फुलं आली अकरा (मोजली आहेत). आणि आता पाऊस संपल्यावरचं चित्र असं:

चार कुंड्यांत पाच-पाच फूट लांब, पोपटी, लवलवत्या काड्या. वारा आला की शेजारच्यांच्या दोरीवरचे कपडे धरून ठेवतात. कळी औषधालाही नाही.

तीन कुंड्यांत शेंड्याकडून काळं पडत खाली येतंय.

दोन बऱ्या आहेत, पण पानांवर काळे ठिपके येऊन पानं पिवळी होतात आणि गळतात.

खतात कुचराई नाही. केळ्याच्या साली, कांद्याच्या सालींचं पाणी, अंड्याची टरफलं, एप्सम सॉल्ट, शिवाय दर दोन-तीन महिन्यांनी वरून कंपोस्ट. सासूबाई रोज चहाचा चोथा घालतात. त्यांचं म्हणणं, नावातच 'टी' आहे म्हटल्यावर त्याला चहा लागणारच.

फोटो खाली दिले आहेत. काय चुकतंय?

---

बाल्कनीतला_शेतकरी | १० ऑक्टोबर, रात्री १०:०५

+१. आमच्याकडेही हेच. बसून वाचतो.

---

खुरपं | १० ऑक्टोबर, रात्री १०:३१

सोपं आहे. नत्र जास्त, स्फुरद-पालाश कमी. ०:५२:३४ (नत्र शून्य, बाकी स्फुरद-पालाश असं विद्राव्य खत) घ्या, लिटरला दोन ग्रॅम, दर आठवड्याला फवारा. महिन्यात कळ्या नाही आल्या तर नाव बदलेन. आणि चहा बंद करा, दूध-साखरेचा चोथा म्हणजे मुंग्यांना आमंत्रण.

---

काटेकोर | ११ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

खुरपं, चहाचं बरोबर बोललात. बाकी जरा थांबा. त्या पोपटी काड्या गुलाबाच्या आहेत की दुसऱ्याच कोणाच्या हे आधी बघायला हवं. नाहीतर आजारी माणूस राहतो बाजूला आणि औषध जातं शेजाऱ्याला.

वेंधळी, तुझ्या फोटोत काड्यांचे शेंडे सुरेख दिसतायत, पण मला बूड हवंय. गच्चीवर जा, चमचा घे आणि एवढं बघून ये:

त्या काड्या नेमक्या कुठून निघाल्या आहेत? कलमाची गाठ (बोटाच्या पेराएवढी जाड, वाकडी, सुजल्यासारखी जागा) मातीच्या वर आहे की खाली? काडी गाठीच्या वरून फुटली आहे की खालून?

काड्यांना काटे किती आहेत? पानाचा देठ काडीला मिळतो तिथे दोन बाजूंना छोटे पंख असतात, त्यांची कड साधी आहे की झालरीसारखी केसाळ?

काळ्या पडलेल्या फांद्यांवर नखाने ओरखडा काढ. आत हिरवं की तपकिरी?

आणि पाणी कोण घालतं, कधी, कसं?

---

वेंधळी | ११ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

काकू, आत्ताच वरून आले. हात अजून मातीचे आहेत.

गाठ दिसतच नव्हती. चमच्याने उकरत गेले तर चार इंच खाली सापडली! दर वेळी वरून कंपोस्ट घालत गेले त्याचा हा थर. पण खरं सांगायचं तर मी मुद्दामही पुरली होती. एका अमेरिकन व्हिडिओत तो माणूस ठासून सांगत होता की गाठ मातीखाली दोन इंच गेलीच पाहिजे.

पोपटी काड्या चारही कुंड्यांत गाठीच्या खालून निघाल्या आहेत. काटे जवळजवळ नाहीतच. आणि हो, देठाच्या बुडाशी झालर आहे! भिंगातून पाहिलं, अगदी साडीच्या फॉलला दोरे निघाल्यासारखी. दोन वर्षं रोज बघतेय, आज पहिल्यांदा दिसली.

दोन कुंड्यांत गाठीवरची फांदी मेलेली आहे, नखाने ओरखडलं तर कोरडी, तपकिरी. दोन कुंड्यांत एकेक बारकी फांदी जिवंत आहे.

पाणी नवरा घालतो. संध्याकाळी ऑफिसातून आला की पाइपने सगळ्यांना आंघोळ.

---

काटेकोर | ११ ऑक्टोबर, सकाळी ८:५५

मग झालं, सापडला चोर. तुझ्याकडचे नऊपैकी चार गुलाब आता गुलाब राहिलेले नाहीत, खुंट झालेत.

आपण विकत घेतो ते हायब्रिड टी म्हणजे दोन झाडं असतात. खाली रानटी, दणकट जातीचा खुंट, त्यावर हव्या त्या जातीचा एक डोळा (नवी फूट येते तो कोंब) भरलेला. तुझ्याकडचा खुंट झालर बघता मल्टिफ्लोरा दिसतोय. वरचा जीव नाजूक. तो जरा मंदावला की खालचा उसळून वर येतो आणि सगळं अन्न स्वतः ओढतो. वरचा उपाशी मरतो. तू वर्षभर केळ्याच्या साली कोणाला खाऊ घातल्यास, आलं ना लक्षात?

'सात पानं असली की खुंट' असं सगळीकडे ऐकू येतं. त्यावर विसंबू नकोस. चांगल्या हायब्रिड टीलाही कधीकधी सात पर्णिका येतात आणि खुंटालाही पाच असू शकतात. काडी फुटते कुठून, हा एकच खरा पुरावा.

ज्या दोन कुंड्यांत वरची फांदी जिवंत आहे तिथले फुटवे काढ. कापायचे नाहीत. कापलेस तर तिथल्याच डोळ्यांतून चार नवे येतील. माती बाजूला करून फुटवा मुळाशी जिथे चिकटलाय तिथे अंगठ्याने दाबून खाली ओढायचा, टचकन मुळासकट निघायला हवा.

---

न्यूजर्सीचा_बंड्या | ११ ऑक्टोबर, सायंकाळी ६:१५ (आमची सकाळ)

त्या व्हिडिओतल्या माणसाच्या बाजूने बोलायला कोणीतरी हवं म्हणून आलो :)

तो खोटं बोलत नव्हता, फक्त तो पुण्याशी बोलत नव्हता. आमच्याकडे जानेवारीत तापमान उणे दहा-पंधरा सेल्सिअसला जातं. गाठ उघडी राहिली तर गोठून मरते आणि वसंतात नुसता खुंट फुटतो. म्हणून दोन इंच खाली पुरायची, वर पाचोळ्याचं पांघरूण. आम्ही छाटणीही मार्चअखेरीस करतो, फोर्सिथियाची पिवळी झुडपं फुलली की सिकेटर (छाटणीची कात्री) बाहेर काढायचा हा इथला संकेत. मी पहिल्या वर्षी आईचं ऐकून दसऱ्यानंतर छाटलं. कोवळी फूट आली आणि नोव्हेंबरात सगळी काळी.

तुम्हाला बुरशी आहे, आम्हाला जपानी भुंगा. हिरवा-तांब्याच्या रंगाचा, देखणा. अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला १९१६ साली, आमच्याच न्यू जर्सीत, रिव्हर्टनजवळ. जुलैत रोज सकाळी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन एकेक वेचतो. शेजारीण विचारते, कॉफीऐवजी हे काय घेऊन फिरतोस?

---

कोकणी_बाणा | ११ ऑक्टोबर, रात्री ८:४०

आमची माती जांभ्याची, आंबट. गुलाबाला खरं तर तीच हवी. पण वरून पाऊस! जूनला पानांनी भरलेलं झाड गणपतीपर्यंत तुरीच्या काठीसारखं उघडं होतं. चिपळूणला मी हायब्रिड टीच्या फंदात आठ वर्षं होतो. आता फक्त दोन ठेवलेत, तेही जून ते सप्टेंबर पडवीच्या पत्र्याखाली. बाकी सगळा गावठी गुलाबी. त्याला कोणी विचारत नाही, तोही कोणाला विचारत नाही, फुलतो.

---

वेंधळी | १२ ऑक्टोबर, दुपारी १:१०

आज रविवार, त्यामुळे मोठं काम काढलं. एक मेलेली कुंडी उलटी केली आणि हे बघा काय निघालं (फोटो ३). मी भरलेल्या भुसभुशीत मातीच्या मधोमध नारळाएवढा लाल चिकणमातीचा गोळा! नर्सरीतून आला तसाच. बाहेरची माती ओली आणि गोळा फोडला तर आत ठणठणीत कोरडा. मुळं त्या गोळ्यालाच गोल गोल गुंडाळलेली.

म्हणजे दोन वर्षं पाणी गोळ्याच्या कडेने खाली जात होतं का?

---

सासवडकर | १२ ऑक्टोबर, दुपारी ३:२५

ताई, मी कलमं बांधतो, त्यामुळे आमच्या बाजूनं सांगतो. तो गोळा नर्सरीवाल्याची लबाडी नसती. रोप जमिनीत वाढवतात, उपटून त्याला चिकणमातीचा गोळा बांधतात, म्हणजे टेम्पोतनं पाचशे किलोमीटर गेलं तरी मूळ हलत नाही. गोळा वाहतुकीसाठी असतो, घरी नेल्यावर संसारासाठी नसतो.

आणल्यावर आठ-दहा दिवस सावलीत तसंच ठेवायचं. मग गोळा बादलीत पाण्यात धरायचा, माती आपसूक सुटते, मुळं न तोडता निम्मीअर्धी जाऊ द्यायची. हातोड्याने फोडणारे पण बघितलेत, झाड आठवड्यात मान टाकतं. आणि हे काम थंडीत करायचं. मे महिन्यात केलं तर मला नाव ठेवू नका.

दुसरं, ज्या दोन कुंड्यांत वरचं कलम मेलंय ते खुंट फेकून देऊ नका. दोन वर्षांचं दणकट मूळ आहे. आम्ही असा खुंट तयार करायला वर्ष घालवतो. थंडीत त्यावर नवीन डोळा भरू. मी सांगतो कसा.

---

खुरपं | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:००

नाव बदलायची तयारी करतोय. सुचवा.

---

बाल्कनीतला_शेतकरी | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:०२

'उलथणं'?

---

वेंधळी | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

काकू, उरलेल्या पाच झाडांची छाटणी कधी, कशी? भीती वाटते. मागच्या वर्षी शेंडे तेवढे खुडले होते.

---

काटेकोर | १३ ऑक्टोबर, सकाळी ११:४५

शेंडे खुडलेस म्हणूनच अकरा फुलं आली. पुण्यात पाऊस ओसरला की ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा ही मोठ्या छाटणीची वेळ. आता दोन दिवस पाणी कमी कर आणि गुरुवारी उरक. छाटणीपासून साधारण ४५ ते ६० दिवसांत फूल येतं, म्हणजे डिसेंबर, ऐन थंडी. थंडीतल्या फुलाचा आकार आणि रंग उन्हाळ्यातल्या फुलाला येत नाही. मी पूर्वी जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात फुलं मांडायचे, तेव्हा कॅलेंडरवर उलटे दिवस मोजून जातीनुसार छाटणीची तारीख ठरवायची.

सिकेटरला धार असू दे, बोथट असेल तर काडी चेंगरते आणि तिथूनच काळं सुरू होतं. प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटने पूस. आधी मेलेलं, काळं आणि पेन्सिलीपेक्षा बारीक सगळं काढ. मग आतल्या बाजूला वाढून एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या. राहिलेल्यांपैकी तीन-चार जाडजूड काड्या ठेव, त्या जमिनीपासून दीड फुटावर काप. बाहेर तोंड असलेला डोळा शोध, त्याच्या वर पाव इंच, उतार डोळ्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळणार नाही.

आणि कापलंस की प्रत्येक वेळी गाभा बघ. ही सवय लाव. पांढरा दिसला तर थांब. मधे बदामी ठिपका असेल तर आणखी खाली ये, पांढरं लागेपर्यंत. शेंडेमर झालेल्या त्या तीन झाडांत तुला अगदी गाठीपर्यंत यावं लागेल कदाचित. जीव कळवळेल, पण बदामी ठेवलंस तर ते आठवड्याला इंचभर खाली उतरत राहील.

कापलेल्या तोंडांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लाव. झाडावरची उरलीसुरली पानं काढ आणि खाली पडलेली एकूण एक गोळा करून कचऱ्यात टाक, कंपोस्टमध्ये नाही. काळ्या ठिपक्याची बुरशी तिथेच मुक्काम करते.

नवऱ्याला सांग, आंघोळ बंद. पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की त्या बुरशीला रुजायला पुरतं. संध्याकाळची ओली पानं रात्रभर वाळत नाहीत. सकाळी, बुंध्याशी पाणी.

---

नागपुरी_संत्रं | १३ ऑक्टोबर, दुपारी २:२०

भुरीबद्दलही लिहा ना कोणी. आमच्याकडे डिसेंबरात येते, कोवळ्या पानांवर पिठी साखर भुरभुरल्यावानी. मी गंधक मारतो, पाण्यात विरघळणारं, लिटरला दोन ग्रॅम. काम करतं.

पण एक किस्सा ऐका. एका वर्षी भुरी उशिरा आली, मार्च संपत आला होता. म्या म्हटलं, मारू अजून एकदा. दुपारी चाळीसच्या वर पारा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाप्पा, पानांच्या कडा भाजलेल्या, पापड जाळल्यासारख्या. बत्तीसच्या वर तापमान असलं की गंधक मारायचं नसतं, हे पाकिटावर लिहिलेलं होतं. चष्मा घरात होता.

आणि निंबोळी तेल मारलं असेल तर पंधरा दिवस गंधकाला हात लावू नका, दोन्ही मिळून पान जळतं.

उन्हाळ्यात आम्ही हिरवी जाळी बांधतो आणि कळ्या आल्या तरी खुडून टाकतो. पंचेचाळीस डिग्रीत फूल म्हणजे झाडाला शिक्षा.

---

जुनी_वही | १३ ऑक्टोबर, रात्री ९:५०

सासूबाईंच्या चहाबद्दल थोडं अवांतर.

नावातला 'टी' खरंच चहाचाच आहे, फक्त चोथ्याशी संबंध नाही. चीनमधून युरोपात जे गुलाब गेले त्यांतल्या एका गटाला 'टी रोझ' म्हणत, त्यांच्या वासात ताज्या चहाच्या पानांची झाक आहे असं तिकडच्यांना वाटलं. हे गुलाब नाजूक, पण पुन्हा पुन्हा फुलणारे, कळी उंच, टोकदार. युरोपातले 'हायब्रिड पर्पेच्युअल' दणकट आणि थंडी सोसणारे. या दोघांच्या संकरातून आला तो हायब्रिड टी. पहिला मान सहसा 'ला फ्रान्स'ला देतात, फ्रान्समध्ये ल्योंच्या गियो यांचा, १८६७ सालचा, रुपेरी गुलाबी.

पुढे फ्रान्सच्याच मेयां या गुलाब-पैदासकारांचा पिवळा-गुलाबी गुलाब आला, ज्याला अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ रोजी 'पीस' नाव मिळालं. महायुद्ध संपत आलेलं. आपल्याकडे डॉ. बी. पी. पाल यांनी हा छंद गंभीरपणे घेतला. मूळचे गव्हाचे शास्त्रज्ञ, १९६५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले आणि गुलाबाच्या कितीतरी जाती काढल्या. त्यांच्या एका पांढऱ्या हायब्रिड टीचं नाव 'डॉ. होमी भाभा' आहे.

मला मात्र या धाग्यावर आठवले ते कोडाईकॅनालचे वीरराघवन. आयएएसची नोकरी सोडून गुलाबाच्या मागे लागलेले. त्यांचं म्हणणं असं की हे सगळे आधुनिक गुलाब थंड देशांसाठी घडवलेले आहेत, उष्ण देशांचे गुलाब वेगळे घडवायला हवेत. म्हणून त्यांनी आपल्याकडच्या रानगुलाबांशी संकर केले, ईशान्येकडची रोझा जायजँटिया आणि पाणथळीत वाढणारी रोझा क्लिनोफायला. आपण मात्र अजून न्यू जर्सीची गाठ कोथरूडला पुरतोय :)

---

न्यूजर्सीचा_बंड्या | १४ ऑक्टोबर, पहाटे ५:३०

ही कोपरखळी पोचली, वही.

---

वेंधळी | १६ ऑक्टोबर, सायंकाळी ७:००

छाटणी झाली. वर गेले तेव्हा बाग होती, खाली आले तेव्हा काड्यांची मोळी. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "झाडं होती ना गं इथे?"

हिशोब देते. बऱ्या दोन: दीड फुटावर गाभा पांढराशुभ्र. शेंडेमरच्या तीनपैकी एकात गाठीपर्यंत बदामीच निघालं, गेलं ते. दुसरं पाच इंचांवर पांढरं लागलं, तिसरं (पट्टीवर 'डबल डिलाइट' लिहिलेलं) तीन इंचांवर. काड्यांवाल्या चारपैकी दोनांचे फुटवे उपटले. काकू, तो टचकन आवाज! दात निघाल्यासारखा. त्यांच्या बारक्या फांद्यांना हात लावला नाही. दोन नुसते खुंट सासवडकरांसाठी राखून ठेवलेत.

सगळ्यांच्या गाठी आता मातीच्या बोटभर वर. लाल गोळे बादलीत सोडवले. नवीन माती: पोयटा, शेणखत, थोडी वाळू, मूठभर निंबोळी पेंड. बारा इंचांच्या ऐवजी चौदा इंचांच्या कुंड्या. एप्सम सॉल्टचा डबा बाथरूममध्ये गेला, पाय शेकायला.

---

काटेकोर | १६ ऑक्टोबर, रात्री ८:१५

शाब्बास. आता तीन आठवडे खताचं नावही काढायचं नाही. फूट दोन-तीन इंचांची झाली की मग शेंगदाण्याची पेंड भिजवून, पातळ करून, पंधरा दिवसांनी एकदा.

---

वेंधळी | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

फूट आली! लालचुटुक, लाखेच्या रंगाची. पण एक संकट. दोन झाडांच्या पानांच्या कडा कोणीतरी गोल कातरल्या आहेत, अगदी तिकीट पंच केल्यासारख्या. अळी दिसत नाही. फवारू का काही?

---

सासवडकर | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

फवारू नका. ती पानकातरी मधमाशी. पान खात नाही, तुकडे नेऊन घरट्याला अस्तर लावते. झाडाला काही होत नाही. चार पानं तिला द्या.

फुलकिडे मात्र बघत राहा. कळी पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळसर रेघा पळाल्या तर समजा.

---

वेंधळी | ४ डिसेंबर, सकाळी ७:४५

एकोणपन्नासावा दिवस. 'डबल डिलाइट'ला पहिलं फूल. वास असा की जिना चढतानाच कळलं.

पण मंडळी, फूल क्रीम रंगाचं आहे. नुसतं क्रीम. पट्टीवरच्या चित्रात कडा लालभडक आहेत. नर्सरीने फसवलं का?

---

काटेकोर | ४ डिसेंबर, सकाळी ८:०५

कुंडी कुठे ठेवली आहेस?

---

वेंधळी | ४ डिसेंबर, सकाळी ८:१२

जिन्याच्या पत्र्याखाली, पूर्वेला. नाजूक झालंय म्हणून आडोशाला ठेवलं होतं. पत्रा पारदर्शक आहे, फायबरचा.

---

काटेकोर | ४ डिसेंबर, सकाळी ८:३०

बाहेर काढ. डबल डिलाइटचा लाल रंग उन्हातल्या अतिनील किरणांनी चढतो. पत्रा तेच अडवतो. थेट ऊन लागू दे, मग बोल.

---

वेंधळी | ६ डिसेंबर, सायंकाळी ५:५०

फोटो ९, १० आणि ११ बघा. काल सकाळी, काल संध्याकाळी, आज. बाहेरच्या पाकळ्यांच्या कडेने आधी डाळिंबाच्या दाण्याचा रंग आला, आज तो आत उतरतोय. सासूबाई खुर्ची घेऊन समोर बसल्यात. चहा स्वतः पितायत.

---

सासवडकर | ७ डिसेंबर, दुपारी १२:००

ताई, फूल कोमेजलं की त्याच काडीचे डोळे घ्यायचे. नुकतं फूल होऊन गेलेली काडी सर्वांत चांगली डोळकाडी. काटा अंगठ्याने आडवा ढकला, कटकन सुटला तर काडी तयार, साल ओरबाडून आली तर कोवळी आहे, थांबा.

खुंटाच्या पोपटी काड्यांतली जाडजूड एक ठेवा, बाकी काढा. बुंध्याशी गुळगुळीत जागा बघून सालीवर टी आकाराची चीर द्या, लाकडाला लागायला नको. डोळकाडीवरचं पान कापायचं, पण अर्धा इंच देठ ठेवायचा, तीच धरायची मूठ. डोळा ढालीच्या आकारात सालीसकट काढा, चिरेत वरून खाली सरकवा, प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. डोळा तेवढा उघडा. सगळं दोन मिनिटांत, वाळता कामा नये. पहिले दोन फुकट जातील असं धरून चाला.

---

वेंधळी | १० डिसेंबर, रात्री ८:३०

भरले. दोन खुंटांवर मिळून चार डोळे. एक बोट कापलं. एक डोळा गच्चीवरून खाली पडला, तो पाचवा होता.

---

वेंधळी | २८ डिसेंबर, सकाळी ७:२०

सासवडकर दादा, वाईट बातमी. अठरा दिवस झाले. तीन डोळे काळे पडलेत, देठ सुकून तसेच चिकटलेत. चौथा बरा वाटत होता, म्हणून आज देठाला जरा बोट लावलं तर तो आपणहून गळूनच पडला. पिवळा होऊन. गेला तोही.

---

सासवडकर | २८ डिसेंबर, सकाळी ७:३५

देठ नुसत्या बोटाने गळला? खाली डोळा हिरवा आहे का, टपोरा?

---

वेंधळी | २८ डिसेंबर, सकाळी ७:४१

हो, हिरवा आहे. का?

---

सासवडकर | २८ डिसेंबर, सकाळी ७:४४

अहो ताई, मेलेल्याचा देठ चिकटून राहतो. जिवंत डोळा देठ स्वतः टाकून देतो. तो लागला! आठ दिवसांनी पट्टी सोडा, आणि पेढे काटेकोर काकूंच्या घरी पाठवा, मी तिथनं नेईन.